हिवाळ्याचा हंगामी अंदाज (विदर्भ)

हिवाळ्याचा हंगामी अंदाज : येत्या डिसेंबर ते फेब्रुवारीत थंडी नेहमीपेक्षा जास्त राहील की कमी, हे समुद्र व वातावरणातील संथ बदलांवरून आधीच वर्तवण्याची पद्धत. हिमालयात असा अंदाज बर्फाचाही असतो. विदर्भात बर्फ पडत नाही, इथे सगळा प्रश्न रात्रीच्या पाऱ्याचा. पण इथली थंडी येते बर्फाच्या वाटेनेच. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारे कमी दाबाचे पट्टे, हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकले, की उत्तरेचे कोरडे वारे मध्य प्रदेश ओलांडून खाली उतरतात. आभाळ भरलेले असेपर्यंत रात्री उबदार जातात. ते उघडले की दोन-तीन रात्रींत गावात ‘हिव वाजते’ची भाषा सुरू होते.

अंदाजाचा मुख्य आधार प्रशांत महासागर. विषुववृत्तालगत त्याच्या मध्य व पूर्व भागातील पाणी काही महिने सरासरीहून किमान ०.५ अंश सेल्सिअस गार राहिले तर ला निना, तितकेच तापले तर एल निनो. ला निनात उत्तर व मध्य भारतात थंडीच्या लाटांना बळ मिळते, एल निनोत रात्री उबदार राहण्याकडे कल असतो. कलच, हमी नव्हे. नागपूरचा ३.५ अंशांचा नीचांक २९ डिसेंबर २०१८ चा, आणि तेव्हा प्रशांत महासागर एल निनोकडे झुकलेला होता! उत्तर ध्रुवाभोवतीचे वारे कधी ढळून तिथली गार हवा खाली सोडतील हे महिनोन् महिने आधी कळत नाही, आणि बंगालच्या उपसागरातले एखादे वादळ ढग पाठवून आठवडाभर थंडी अडवू शकते. म्हणून भारतीय हवामान विभाग हा अंदाज शक्यतेच्या टक्क्यांत देतो. गावोगावच्या चर्चेत ते टक्के गळून पडतात आणि ‘यंदा कडाक्याची थंडी’ एवढेच उरते.

शेतीत याचा उपयोग आहे. थंडी टिकली तर गव्हाला फुटवे चांगले येतात. फेब्रुवारी लवकर तापला तर दाणा बारीक राहतो. ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटेअळीची धास्ती. वरूड, मोर्शी, काटोलकडे संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरचा फुलोरा, तर थंडी आणि पाण्याचा ताण या दोहोंवर फुटतो. पण लाटेच्या रात्री हंगामी अंदाज कामाचा नाही, तिथे चार-पाच दिवसांचाच हवा. ओली जमीन सावकाश निवते, म्हणून शेतकरी संध्याकाळी हलके ओलीत करतात, आणि पहाटे धुऱ्यावर (बांधावर) पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, व काडीकचरा पेटवून शेतावर धूर धरतात.