गाद्या, उघड्या खिडक्या आणि निनाद

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला जुन्या वाड्यांच्या माडीवर गाण्याची बैठक भरत असे, तेव्हा आधी जाजम अंथरले जाई, मग गाद्या, लोड आणि तक्के येत आणि श्रोते दाटीवाटीने बसत. बैठक उठल्यावर गाद्यांच्या गुंडाळ्या करून बाहेर नेल्या की त्याच माडीवर साधी हाक मारली तरी ती घुमत राही. हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला ध्वनिशास्त्रातला एक मोठा शोध अर्धा कळलेला आहे, असे मला मनापासून वाटते.

उरलेला अर्धा भाग अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठात, 1895 पासून पुढच्या काही वर्षांत उलगडला. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे पुढचे शब्द त्यातच बुडून जात. हा दोष दूर करण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. रात्री रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर तो ऑर्गनची एक नळी वाजवी, ती बंद केल्यावर आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजी, आणि मग शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या थोड्या थोड्या आणून तीच मोजणी पुन्हा करी. सकाळ होण्याआधी सगळ्या गाद्या परत जागेवर गेलेल्या असत. जितक्या गाद्या वाढत, तितका निनाद आखूड होई.

आवाज किती शोषला जातो याचे माप म्हणून त्याने उघडी खिडकी धरली, कारण खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक एकक, आणि या मापाने एक श्रोता सुमारे अर्धा चौरस मीटर खिडकीएवढा आवाज गिळतो. त्यावरून त्याने मांडलेले सूत्र असे की, सभागृहाचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्याला 0.161 ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे आवाजाची ऊर्जा दशलक्षांश होईपर्यंत लागणारे सेकंद, अर्थात निनादकाल.

या सूत्राच्या आधारावर उभे राहिलेले पहिले सभागृह म्हणजे बॉस्टनचे सिम्फनी हॉल. ते 15 ऑक्टोबर 1900 रोजी खुले झाले आणि 1881 मध्ये स्थापन झालेल्या बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे तेव्हापासून ते घर आहे. सुमारे 2,600 श्रोत्यांच्या या सभागृहाचा आकार लांबट पेटीसारखा आहे, रुंदी साधारण 23 मीटर आहे, आणि भरलेल्या सभागृहात निनादकाल दोन सेकंदांच्या किंचित खाली राहतो. व्हायोलिनचे सूर एकमेकांत मिसळून त्यांना जो भरघोसपणा येतो, त्यात या दोन सेकंदांचा वाटा मोठा आहे.

अरुंद आकाराचाही गुण आहे. मंचापासून 20 मीटरवर मध्यभागी बसलेल्या श्रोत्यापर्यंत थेट सूर पोहोचल्यावर बाजूच्या भिंतींवरून परतलेला सूर जेमतेम तीस सहस्रांश सेकंदांनी येतो. एवढ्या थोड्या अंतराने आलेला आवाज कान वेगळा प्रतिध्वनी म्हणून धरत नाही. तो मूळ सुरातच मिसळतो आणि तो डावी-उजवीकडून आल्यामुळे श्रोत्याला संगीताने चहूबाजूंनी वेढल्यासारखे वाटते. भिंतींवरचे कोनाडे आणि त्यांतले पुतळे आवाज विखुरण्याचे काम करतात. 2006 मध्ये मंचाची झिजलेली लाकडी फरशी बदलावी लागली, तेव्हाही सुराचा पोत बदलू नये म्हणून जुन्याच पद्धतीने, हाताने खिळे ठोकून नवी बसवण्यात आली.

मग आपल्या ख्यालगायनासाठी हेच सभागृह आदर्श ठरेल का? माझे उत्तर नाही असे आहे. द्रुत तानेत सेकंदाला आठ स्वर येतात असे धरले, तर प्रत्येक स्वराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग येतो. दोन सेकंदांचा निनाद असलेल्या जागी तेवढ्या वेळात आधीचा स्वर चार डेसिबलसुद्धा (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) उतरलेला नसतो, म्हणजे नवा स्वर जुन्याच्या अंगावर येऊन पडतो आणि तानेचे दाणे पुसले जातात. ऑर्केस्ट्राला सुरांमधली जी सलगता वास्तूकडून मिळते, ती आपल्याकडे तानपुरा पुरवतो. म्हणून गाद्यांनी आवाज शोषलेल्या माडीवरही गाणे कोरडे वाटत नाही.

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातला दरबार हॉल या दृष्टीने लक्षपूर्वक ऐकण्याजोगा आहे. 1890 मध्ये पूर्ण झालेल्या या राजवाड्याचा हा दालनभाग मोझेकच्या फरशीचा आणि रंगीत काचांच्या खिडक्यांचा आहे, आणि हे दोन्ही कठीण पृष्ठभाग आवाज फारसा शोषत नाहीत. अशा दालनात मैफलीआधी रिकाम्या जागेत एक टाळी वाजवून पाहावी, मग जाजमे अंथरून माणसे बसल्यावर तीच टाळी पुन्हा ऐकावी. दोन टाळ्यांमधला फरक म्हणजे सॅबिनने रात्रभर गाद्या वाहून मोजलेला फरक.