वानखेडेवरचे ‘दहा बळी’: डावातले आणि सामन्यातले

मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर न्यूझीलंडचा फिरकीपटू एजाज पटेल याने भारताविरुद्धच्या कसोटीत दहा बळी घेतले, ते कधी? डिसेंबर २०२१ हे उत्तर बरोबर आहे आणि नोव्हेंबर २०२४ हेही चुकीचं नाही. फक्त ते दोन वेगवेगळे पराक्रम आहेत. २०२१ मध्ये त्याने भारताच्या एकाच डावातले दहाच्या दहा गडी बाद केले, ११९ धावा देऊन. २०२४ मध्ये दोन्ही डाव मिळून ११ बळी घेतले. आपण बोलताना दोन्हींना सरसकट ‘दहा बळी’ म्हणतो आणि घोळ तिथेच होतो.

सामन्यातले दहा बळी म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या वीस गड्यांपैकी निम्मे एकट्याने काढणं. ते अवघडच, पण वानखेडेवर अनेकांना जमलं आहे. १९८० मध्ये इंग्लंडच्या इयन बोथमने इथे १०६ धावांत १३ बळी घेतले आणि त्याच सामन्यात ११४ धावांची खेळीही केली. २०१२ मध्ये इंग्लंडच्याच माँटी पानेसरने ११ बळी घेतले, २०१६ मध्ये आपल्या अश्विनने ६ आणि ६ असे १२. पहिल्या डावात कमी मिळाले तर दुसऱ्या डावात भरून काढता येतात, ही सोय इथे असते.

डावातल्या दहा बळींत ती सोय नाही. एक फलंदाज धावबाद झाला, कुणी दुखापतीमुळे निवृत्त झाला, कर्णधाराने डाव घोषित केला किंवा दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला एक जरी विकेट मिळाली, की संपलं. म्हणून १८७७ पासूनच्या कसोटी इतिहासात हे तिघांनाच साधलं: १९५६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर जिम लेकर, १९९९ मध्ये फिरोजशाह कोटलावर अनिल कुंबळे आणि वानखेडेवर एजाज. तिघेही फिरकीपटू. कुंबळेचे नऊ बळी झाल्यावर त्याचा सहकारी गोलंदाज श्रीनाथने मुद्दाम यष्टींपासून लांब चेंडू टाकले, कारण दहावी विकेट आपल्याला मिळू नये अशी त्याची धडपड होती. एजाजच्या डावात बाकीच्या गोलंदाजांनी मिळून ६२ षटकं टाकली आणि त्यांची पाटी कोरीच राहिली. म्हणजे या विक्रमात कौशल्याइतकाच योगही लागतो. तरी मला तो योग कमी मोलाचा वाटत नाही. ४७.५ षटकं टाकत राहिल्याशिवाय योग जुळून येत नाही.

आकडेवारीच्या तक्त्यांत मात्र हा फरक पुसला जातो. गोलंदाजाच्या कारकिर्दीत ‘५’ आणि ‘१०’ असे दोन रकाने असतात. ‘५’चा रकाना डावाचा, ‘१०’चा सामन्याचा. डावातल्या दहा बळींसाठी वेगळा रकानाच नाही! त्यामुळे एजाजचे १० बळी ‘५’च्या रकान्यात एकदाच मोजले जातात. उलट ज्याने दोन्ही डावांत पाच-पाच घेतले, त्याच्या नावावर त्याच रकान्यात दोनची भर पडते. रकाने वाचताना हे लक्षात ठेवायला हवं, नाहीतर क्रिकेटमधली अत्यंत दुर्मीळ गोष्ट साध्या पाच बळींसारखी दिसते.

संघाच्या दृष्टीने मोठा पराक्रम कोणता, असं विचाराल तर मी २०२४ चा म्हणेन. २०२१ मध्ये एजाजने दुसऱ्या डावातही ४ बळी घेतले, एकूण १४. पण न्यूझीलंडचा पहिला डाव ६२ धावांत आटोपला आणि ते ३७२ धावांनी हरले. लेकर आणि कुंबळे दोघेही जिंकलेल्या संघात होते, एजाज नव्हता. मुंबईत जन्मलेला, आठव्या वर्षी आईवडिलांसोबत न्यूझीलंडला गेलेला मुलगा आपल्या जन्मगावी इतिहास घडवतो आणि तरी सामना हरतो, हे तेव्हा भारतीय म्हणूनही मनाला लागलं होतं.

तीन वर्षांनी तो परतला. त्या सामन्यात आपल्या रवींद्र जडेजानेही ६५ धावांत ५ आणि ५५ धावांत ५ असे बरोबर दहा बळी घेतले होते. दोन्ही संघांत एकेक दहा बळींचा मानकरी, आणि भारताला जिंकायला हव्या होत्या १४७ धावा. ऋषभ पंत ६४ धावा करून झुंजला, पण त्यालाही एजाजनेच बाद केलं. १२१ वर शेवटचा गडी वॉशिंग्टन सुंदरचा त्रिफळा उडाला. एजाजचा तो सामन्यातला अकरावा आणि वानखेडेवरच्या दोन कसोटींतला पंचविसावा बळी. न्यूझीलंड २५ धावांनी जिंकलं.