सिम कार्डाला स्वतःचा नंबर माहीत नसतो

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल वगैरे मेसेजिंग अ‍ॅप्सना आदेश काढला. खातं ज्या सिमवर उघडलं, ते सिम फोनमध्ये नसेल तर अ‍ॅप चालता कामा नये, आणि कॉम्प्युटरवर उघडलेलं खातं दर सहा तासांनी आपोआप बंद व्हायला हवं. मुदत दिली ९० दिवसांची. त्यावर आजूबाजूला सर्रास ऐकू आलेलं मत असं: ‘त्यात काय एवढं? अ‍ॅपने सिममधला नंबर वाचायचा आणि खात्याच्या नंबराशी ताडून बघायचा.’ असं म्हणणाऱ्यांत चांगले शिकलेसवरलेले इंजिनियरही होते. पंचाईत अशी की सिममध्ये नंबर नसतोच.

नसतो म्हणजे त्याला जागाच नसते असं नाही. सिम हा एक चिमुकला संगणक आहे. त्यात प्रोसेसर आहे, स्मृती आहे आणि फायलींची नीट उतरंड आहे. त्यातली ६एफ४० क्रमांकाची फाईल ग्राहकाच्या नंबरासाठी राखून ठेवलेली असते. पण ती ऐच्छिक आहे आणि नेटवर्कला तिच्याशी काडीचं देणंघेणं नाही. कंपनीने भरली तर भरली. नाहीतर सगळ्या बाइटमध्ये ‘एफएफ’, म्हणजे कोरी पाटी. शिवाय सिमचा पिन ज्याच्या हातात, त्याला ती बदलताही येते. जुन्या फोनमध्ये ‘माझा नंबर’ असा एक रकाना असायचा, त्यात कुणाचाही नंबर टाका, फोन तोच तुमचा म्हणून दाखवायचा. फोन मात्र तुमच्या खऱ्याच नंबरावर वाजायचा.

अँड्रॉइडसाठी अ‍ॅप लिहिणारा नवशिका या खड्ड्यात हमखास पडतो. ‘गेट-लाइन-वन-नंबर’ नावाचं फंक्शन त्याला सापडतं, त्याच्या टेबलावरच्या फोनमध्ये ते बरोबर नंबर देतं, आणि गडी खूश होऊन अ‍ॅप बाजारात सोडतो. मग तक्रारी सुरू होतात. कुणाला रिकामी जागा दिसते, कुणाला भलताच नंबर. अँड्रॉइड १३ पासून गूगलने हे फंक्शन मोडीत काढलं. त्याच्या जागी आलेलं नवं फंक्शन तीन ठिकाणी डोकावतं: सिममधली ती फाईल, सिम कंपनीच्या अ‍ॅपने फोनला सांगितलेला नंबर, आणि फोर-जी कॉलिंगच्या नोंदणीत नेटवर्ककडून कळलेला नंबर. तिन्हीकडे काही सापडेलच याची हमी नाही.

मग नेटवर्क आपल्याला ओळखतं कशावरून? सिममध्ये खरोखर असतो तो आयएमएसआय नावाचा, साधारण १५ आकडी क्रमांक. पहिले तीन आकडे देशाचे, भारतासाठी प्रामुख्याने ४०४ आणि ४०५. पुढचे कंपनीचे आणि सर्कलचे, उरलेले ग्राहकाचे. सिम रीडरमध्ये कार्ड घालून ही फाईल उघडली, तर सुरुवात ०८ ४९ ४० अशी दिसते. ०८ म्हणजे पुढे आठ बाइट आहेत. ४९ मधला ४ हा पहिला आकडा, आणि ९ ही एकूण आकडे विषम असल्याची खूण. तिथून पुढे आकडे जोडीजोडीने उलटे लिहिलेले असतात, म्हणून ४० हे ०४ असं वाचायचं. झाले ४, ०, ४. भारत.

हा आयएमएसआय आणि आपला दहा आकडी नंबर यांची गाठ सिममध्ये मारलेली नसते. ती असते कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत, जिला एचएलआर म्हणतात. तिथे एका ओळीत लिहिलेलं असतं की अमुक आयएमएसआय म्हणजे तमुक नंबर. सिम हरवलं की दुकानदार नवं कार्ड देतो, त्यात आयएमएसआय नवा असतो, आणि नोंदवहीतली ती ओळ तेवढी बदलते. २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवता येऊ लागला, तो याच व्यवस्थेच्या जोरावर. नंबर सिममध्ये कोरलेला असता तर हे जमलं नसतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोबाइल नंबरातल्या आकड्यांची बेरीज करून ‘हा तुमच्या मूलांकाला मारक आहे, नवं सिम घ्या’ असं सांगणाऱ्यांचा धंदा सध्या जोरात आहे. नंबराची कंपनं म्हणे खिशातून शरीरात जातात. ज्या कार्डाला तो नंबर ठाऊकच नाही, ते कंपनं कसली सोडणार! कंपनं असलीच तर ती कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये, आणि तिथे तुमच्या ओळीशेजारी लाखो इतरांच्या ओळी आहेत.

आता मुख्य मुद्दा, आणि माझ्या मते सिममधली सगळ्यात देखणी गोष्ट. आयएमएसआय हे नुसतं नाव झालं. नाव कुणीही सांगेल. मी तोच आहे हे सिद्ध करायला सिममध्ये आणखी एक गोष्ट असते: ‘केआय’ नावाची १२८ बिटांची गुप्त किल्ली. कारखान्यात कार्ड तयार होताना ती आत लिहिली जाते. तिची एक प्रत कंपनीच्या सुरक्षित संगणकात जाते, आणि त्यानंतर ती सिममधून कधीच बाहेर येत नाही. ती वाचायची आज्ञाच सिमला शिकवलेली नाही. फोन वाचू शकत नाही, अ‍ॅप वाचू शकत नाही, सिमचा मालकही नाही.

मग न सांगता ती माहीत असल्याचं सिद्ध कसं करायचं? नेटवर्क एक यादृच्छिक संख्या पाठवतं, तीही १२८ बिटांची. फोन ती जशीच्या तशी सिमकडे देतो. टू-जीच्या सिमला दिली जाणारी ही आज्ञा अशी: ए० ८८ ०० ०० १०, आणि मागोमाग ते १६ बाइट. शेवटचं १० सोळा-आधारी मोजणीतलं आहे, म्हणजे आपले १६. सिम आतल्या आत ही संख्या आणि केआय एका गणिती घुसळणीतून काढतं आणि म्हणतं, ९एफ ०सी. अर्थ असा की उत्तर तयार आहे, १२ बाइट घेऊन जा. त्यातले पहिले चार बाइट नेटवर्कला परत जातात. दरम्यान कंपनीच्या संगणकाने त्याच संख्येवर, स्वतःजवळच्या केआयच्या प्रतीने तेच गणित केलेलं असतं. चार बाइट जुळले की सिम खरं. उरलेले आठ बाइट हवेतून जातच नाहीत. त्यांच्या आधारे पुढचं संभाषण सांकेतिक केलं जातं.

घुसळण अशी हवी की उत्तरावरून केआय उलटी काढता येऊ नये. १२८ बिटांच्या किल्ल्या सुमारे ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात इतक्या होतात. सेकंदाला १०० कोटी किल्ल्या तपासल्या तरी सगळ्या संपायला १० चा २२ वा घात इतकी वर्षं लागतील, आणि विश्वाचं वय त्यापुढे अगदीच किरकोळ आहे. अर्थात घुसळणच कच्ची असेल तर हा हिशोब कोसळतो. तसं झालंही. कॉम्प१२८ नावाची जी पद्धत जगातल्या अनेक कंपन्या वापरत होत्या, ती १९९८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी फोडली. सुमारे दीड लाख निवडक संख्या सिमला विचारून, आठेक तासांत केआय बाहेर काढता येते हे त्यांनी दाखवलं. पण त्यासाठीही सिम रीडरमध्ये घालून समोर ठेवावं लागत होतं. ‘अमुक आकड्यांनी सुरू होणारा मिस्ड कॉल आला आणि तुम्ही उलटा फोन केलात की सिमचं क्लोनिंग, म्हणजे हुबेहूब नक्कल, होतं’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. कॉल करण्यात केआय कुठेच बाहेर पडत नाही. तसल्या नंबरांना फोन करू नयेच, कारण बिल येतं. क्लोन मात्र होत नाही.

थ्री-जीत यावर आणखी एक थर चढला. टू-जीत सिम स्वतःला सिद्ध करायचं, पण समोरचा टॉवर खरा आहे का हे विचारायचं नाही. आता संख्येबरोबर ‘ऑटन’ नावाचे आणखी १६ बाइट येतात. त्यांत केआय माहीत असणाऱ्यालाच बनवता येईल अशी मोहोर असते आणि एक झाकलेला अनुक्रमांक असतो. सिम आधी मोहोर तपासतं, मग अनुक्रमांक. बँकेत ४३ नंबर पुकारून झाल्यावर कुणी ३९ चं टोकन घेऊन आलं तर कॅशियर जसा परत पाठवतो, तसं सिम शिळ्या अनुक्रमांकाला नाकारतं. सगळं ठीक असेल तर उत्तर ‘डीबी’ने सुरू होतं. अनुक्रमांक मागचा असेल तर ‘डीसी’ने, आणि त्यासोबत सिम १४ बाइट देतं, ज्यांतून कंपनीला कळतं की सिमचा काटा कुठवर आला आहे. दोघांचे काटे जुळतात आणि पुन्हा प्रश्नोत्तर होतं. हे सगळं फोन चालू केल्यावर कोपऱ्यात रेंजच्या काड्या दिसण्याआधी उरकलेलं असतं.

साहजिकच वाटेल की अ‍ॅपनेही सिमला असाच प्रश्न विचारावा. अँड्रॉइडमध्ये तसं फंक्शन आहेही, पण ते तुमच्याआमच्या अ‍ॅपला मिळत नाही. त्यासाठी सिम कंपनीचा आशीर्वाद लागतो: अ‍ॅपच्या डिजिटल सहीचा ठसा कंपनीने सिममध्येच लिहून ठेवलेला हवा. अँड्रॉइड ५.१ पासून ही सोय आहे आणि तिचा उपयोग मुख्यतः कंपन्यांच्या स्वतःच्या अ‍ॅप्सना होतो. बँकेला नाही, व्हॉट्सअ‍ॅपला नाही.

आपल्या यूपीआय अ‍ॅप्सनी यावर जी वाट काढली, ती मला फार आवडते. पहिल्यांदा नोंदणी करताना अ‍ॅप ‘सिम निवडा’ म्हणतं आणि तुमच्या फोनमधून एक एसएमएस पाठवतं. त्यात अर्थहीन दिसणारी अक्षरांची माळ असते. ती अ‍ॅपच्या सर्व्हरने नुकतीच याच फोनसाठी बनवलेली असते. एसएमएस पोचतो तेव्हा त्यावर पाठवणाऱ्याचा नंबर असतो, आणि तो नंबर फोन लिहीत नाही, नेटवर्क लिहितं, त्याच्या नोंदवहीत बघून. त्याआधी नेटवर्कने केआयच्या प्रश्नोत्तरातून सिमची खात्री केलेलीच असते. म्हणजे जो पुरावा अ‍ॅपला थेट मागता येत नाही, तो असा आडवाटेने पदरात पडतो. ओटीपीपेक्षा हे बरं, कारण ओटीपी फोनवरून दुसऱ्याला सांगता येतो. एसएमएस मात्र त्याच सिममधून निघावा लागतो.

लिहायला बसलं की यातही काटे आहेत. दोन सिमच्या फोनमध्ये प्रत्येक सिमला अँड्रॉइड एक ‘सबस्क्रिप्शन आयडी’ देतं. लोक तो खाचेचा क्रमांक समजतात, पण तो असतो फोनच्या स्वतःच्या यादीतला ओळ क्रमांक. नवं सिम घातलं की नवी ओळ. त्यामुळे पहिल्या खाचेतल्या सिमचा आयडी ४ आणि दुसऱ्याचा १ असं सहज होतं. हे न बघता एसएमएस पाठवला तर तो भलत्याच सिममधून जातो, बँक म्हणते नंबर जुळत नाही, आणि ग्राहक तीनदा प्रयत्न करून अ‍ॅपला एक तारा देऊन मोकळा होतो. आयफोनवर तर अ‍ॅपला परस्पर एसएमएस पाठवताच येत नाही. एसएमएसचा मजकूर भरलेला पडदा उघडतो आणि ‘पाठवा’ तुम्हालाच दाबावं लागतं.

सरकारचा आदेश अवघड का, ते आता लक्षात येईल. पहिल्या दिवशी एसएमएसने खात्री झाली. चाळिसाव्या दिवशी तेच सिम आत आहे हे अ‍ॅपला कसं कळणार? पूर्वी अँड्रॉइड अ‍ॅपला आयएमएसआय किंवा सिमचा छापील अनुक्रमांक वाचता येत असे. जाहिरातवाल्यांनी त्याचा वापर लोकांचा माग काढायला केला, आणि अँड्रॉइड १० पासून ते दार बंद झालं. ते योग्यच झालं. आता उरतो तो सबस्क्रिप्शन आयडी: तोच आयडी अजून चालू आहे का, एवढं अ‍ॅप विचारू शकतं. पण हे उत्तर सिमचं नाही, फोनच्या प्रणालीचं आहे, आणि रूट केलेला, म्हणजे मालकाने प्रणालीचा पूर्ण ताबा घेतलेला, फोन खोटं बोलू शकतो. आयफोनवर तेवढंही नाही. आयओएस १६.४ पासून सिम कंपनीचं नाव विचारलं तर दोन आडव्या रेघा येतात, आणि कंपनीचा कोड विचारला तर ६५५३५. खुद्द सिम चोरट्याच्या हाती गेलं, तर खातं सिमशी बांधण्याचा काही उपयोग नाही. दुकानात खोटी कागदपत्रं दाखवून डुप्लिकेट सिम काढलं की नेटवर्कच्या दृष्टीने तो चोरटाच ग्राहक. म्हणून सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आला, आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही.

परदेशातल्या मराठी मंडळींना हा विषय सांगायलाच नको. न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणारे कित्येक जण बँकेच्या एसएमएसपायी भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवतात. जानेवारी २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दहा देशांतल्या नंबरांवर एनआरई आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, खात्यांना यूपीआय जोडायला परवानगी दिली, त्याने काहींची सुटका झाली. रोमिंगमध्येही केआय घर सोडत नाही, बरं का. परदेशी नेटवर्कला भारतातून संख्या आणि तिचं अपेक्षित उत्तर अशी जोडी तयार करूनच पाठवली जाते. त्याने फक्त सिमला विचारायचं आणि जुळवायचं.

एसएमएसला पर्यायही येऊ घातला आहे. त्यात अ‍ॅप मोबाइल डेटावरून सिम कंपनीच्या सर्व्हरला विचारतं की या जोडणीमागचा नंबर अमुक आहे का. कंपनीला ते माहीत असतंच, कारण डेटा सुरू होताना केआयचं प्रश्नोत्तर झालेलं असतं. एसएमएसचा खर्च नाही, पडद्यावर काही दिसत नाही. अडचणी दोन: फोन वाय-फायवर असेल तर ही साधी पद्धत चालत नाही, आणि डेटा दुसऱ्या सिमवर असेल तर उत्तर त्या दुसऱ्या सिमबद्दल मिळतं. एक सिम डेटासाठी, एक बँकेसाठी अशी वाटणी आपल्याकडे घरोघरी असल्यामुळे हा दुसरा मुद्दा इथे सगळ्यांत जास्त छळणार आहे.