सक्तीचे आणि विवेकाधीन निर्बंध (परकीय राज्यकर्त्यांवरील, अमेरिकी कायद्यात)

ठरावीक अट पूर्ण झाली की राष्ट्राध्यक्षांनी निर्बंध लादलेच पाहिजेत, असे कायदा सांगत असेल तर ते सक्तीचे; लादायचे की नाही हे त्यांच्यावर सोपवले असेल तर विवेकाधीन. एकदा नाव निर्बंधांच्या यादीत चढले की परिणाम बहुधा सारखाच असतो: अमेरिकेतील मालमत्ता गोठते, अमेरिकी बँका व नागरिकांशी व्यवहार थांबतात, व्हिसा मिळत नाही. त्या व्यक्तीची ५० टक्के किंवा अधिक मालकी असलेल्या कंपन्याही आपोआप कक्षेत येतात.

विवेकाधीन निर्बंधांचा मुख्य आधार म्हणजे १९७७ चा आणीबाणीविषयक आर्थिक अधिकारांचा कायदा. व्हेनेझुएलाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मादुरो (जुलै २०१७) आणि रशियाचे पुतिन (फेब्रुवारी २०२२) यांच्यावरील निर्बंध त्याखालच्या आदेशांनुसार लागले. हक्कभंग व भ्रष्टाचार करणाऱ्या परकीयांवरील २०१६ चा ग्लोबल मॅग्निट्स्की कायदाही विवेकाधीनच, पण त्यात सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष आणि विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य मिळून अमुक व्यक्ती हक्कभंगाला जबाबदार आहे का, अशी विचारणा करू शकतात व राष्ट्राध्यक्षांनी १२० दिवसांत उत्तर द्यायचे असते. सौदी पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येनंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये अशी विचारणा झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुदत संपली, तरी प्रशासनाने निष्कर्ष कळवला नाही.

सक्तीचे निर्बंधही आपोआप लागत नाहीत, कारण अट पूर्ण झाल्याचा निष्कर्ष प्रशासनानेच नोंदवायचा असतो. २०१७ च्या 'काट्सा' (अमेरिकेच्या विरोधकांना निर्बंधांनी रोखण्याच्या) कायद्याच्या कलम २३१ नुसार रशियाच्या संरक्षण क्षेत्राशी मोठा व्यवहार करणाऱ्यावर १२ पैकी किमान ५ निर्बंध लादावे लागतात. तुर्कस्तानात रशियन एस-४०० हवाई संरक्षण यंत्रणा जुलै २०१९ मध्ये उतरू लागली. तिथल्या संरक्षण खरेदी संस्थेवर आणि तिच्या प्रमुखांवर निर्बंध आले ते थेट १४ डिसेंबर २०२० रोजी. म्हणून विधेयक वाचताना सक्तीच्या शब्दावर थांबू नये. निष्कर्ष कोण नोंदवणार, किती दिवसांत आणि सूट कोणत्या कारणासाठी देता येईल, हे आधी पाहावे. यांत मुदतीला सर्वाधिक महत्त्व आहे. फेब्रुवारी २०१६ च्या उत्तर कोरियाविषयक कायद्याने मानवी हक्कभंगाला जबाबदार असणाऱ्यांची नावे १२० दिवसांत मागितली होती. अहवाल जरा उशिरा, ६ जुलैला आला, पण त्याच दिवशी किम जोंग उन यांच्यावर प्रथमच थेट निर्बंध लागले.

परराष्ट्र खात्याच्या खर्चविषयक कायद्यातील कलम ७०३१(सी) याहून अरुंद आहे. मोठा भ्रष्टाचार किंवा गंभीर हक्कभंग केल्याची विश्वासार्ह माहिती असलेल्या अधिकाऱ्याला आणि त्याच्या जवळच्या कुटुंबीयांना प्रवेशबंदी सक्तीची आहे, मालमत्ता मात्र गोठत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाबाबतच्या करारामुळे न्यूयॉर्कला येऊ द्यावे लागले, तर बंदी आड येत नाही.

सक्तीच्या निर्बंधांतून बाहेर पडणे अवघड असते. नाव वगळण्याच्या अटीही काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, बांधलेल्या असतात, त्यामुळे वाटाघाटीत ते पटकन मागे घेता येत नाहीत. चीनचे लष्करी अधिकारी ली शांगफू यांच्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये 'काट्सा'खाली निर्बंध लागले आणि मार्च २०२३ मध्ये ते संरक्षणमंत्री झाले. त्यांच्याशी अधिकृत भेटीला या निर्बंधांची आडकाठी नाही, असे अमेरिकेने सांगूनही चीनने जूनमध्ये सिंगापूरला होऊ शकणारी संरक्षणमंत्र्यांची बैठक नाकारली.