टीआरपीव्ही-१
टीआरपीव्ही-१ : वेदना टिपणाऱ्या चेतापेशींच्या आवरणावरील एक प्रथिन. मिरचीतील कॅप्सेसिन, साधारण ४३° सेल्सिअसच्या वरची उष्णता किंवा आम्ल यांमुळे ते दारासारखे उघडते, कॅल्शियम व सोडियमचे आयन पेशीत शिरतात आणि संदेश मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे निघतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस (जन्म १९५५) यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ते शोधले.

तिखटपणा ही गोड-खारटासारखी चव नाही. ती वेदना आहे. बडोद्यात सेव-उसळीबरोबर तर्री, म्हणजे तिखट तेलकट रस्सा, वेगळी देतात. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी माणसाला ती दोनदा तरी मागितल्याशिवाय उसळ खाल्ल्यासारखी वाटत नाही. मग कान तापतात, नाक वाहते, कपाळावर घाम येतो. उसळ कोमट झालेली असली तरी मेंदूला वर्दी मिळते ती भाजल्याचीच, आणि शरीर स्वतःला गार करू लागते. मिरच्या चिरल्यावर बोटे भगभगतात तेही याच प्रथिनामुळे. बोटांना चव कुठली कळायला! वरून पाणी पिऊन फारसे साधत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दुधाने आग लवकर निवते.

कॅप्सेसिन वेदनेचे तंतू चेतवते आणि वारंवार दिल्यास तेच तंतू बधिर करते, हे हंगेरीत मिक्लोश यान्चो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवले होते. पेशीवर ते नेमके कुठे बसते, हे मात्र कोडे होते. ज्युलियस यांची पीएच.डी. बर्कलीची (१९८४), यीस्टवरची. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सेरोटोनिन या चेतापेशींतील संदेशवाहक रसायनाला टिपणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक वेगळे केले. हेच कसब सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कामी आले. तिथे त्यांच्या प्रयोगशाळेतील मायकेल कॅटरिना व सहकाऱ्यांनी कण्यालगतच्या संवेदी चेतापेशींत कार्यरत असणारी जनुके गटागटाने अशा पेशींत घातली, ज्यांना एरवी कॅप्सेसिनचे काहीच वाटत नाही. ज्या गटातील पेशी कॅप्सेसिन पडताच कॅल्शियमदर्शक रंगाने प्रतिसाद देत, तो गट पुन्हा वाटायचा, पुन्हा तपासायचा. असे चाळत चाळत शेवटी एकच जनुक उरले. त्याचे प्रथिन नुसत्या उष्णतेनेही उघडते असे दिसले, आणि खरी मोठी गोष्ट तीच ठरली.

मेन्थॉल व गारवा टिपणारे टीआरपीएम-८ हे प्रथिन २००२ मध्ये ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांनी स्वतंत्रपणे शोधले. दोघांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. पक्ष्यांचे टीआरपीव्ही-१ कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणून पोपट मिरची खुशाल खातो.

औषधाच्या बाबतीत उत्साह लवकर ओसरला. हे प्रथिन रोखणारी रसायने माणसांना देऊन पाहिली, तेव्हा काहींना ताप चढला, तर काहींना चटका बसेल इतके गरम काय ते कळेना. शरीराचे तापमान राखण्यातही त्याचा हात आहे, हे त्यातून पुढे आले. उलट वाट अधिक उपयोगी पडली : नागीण बरी झाल्यावर महिनोन्महिने राहणाऱ्या ठणक्यावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झाली. ती लावताना त्वचेची चांगलीच आग होते. नंतर तिथले वेदनातंतू काही काळ निकामी होतात.