सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट आणि घरची सीए: दोन्ही घरचीच, पण एक नव्हेत

घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सर्व्हर उभा केला. मळ्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, केळीच्या हिशोबपट्ट्यांचे स्कॅन आणि आजीच्या आवाजातली खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी त्यावर ठेवली. मग घर रावेरला असो की धुळ्याला, ब्राउझर उघडताच कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. उपाय विचारला की कुणीतरी सांगतं, 'स्वतःचं सर्टिफिकेट बनव.' या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: एक सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट, दुसरी घरची सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे इतर सर्टिफिकेटांवर सही करणारी सीए. दोन्ही फुकट, दोन्ही घरी बनतात. पण चुकीची निवडली तर घरच्यांच्या फोनची सुरक्षा वाढण्याऐवजी कमी होऊ शकते, म्हणून फरक नीट समजून घेतला पाहिजे.

सर्टिफिकेटमध्ये सर्व्हरचं नाव, त्याची पब्लिक की (सगळ्यांना दाखवायची किल्ली) आणि मुदत लिहिलेली असते, आणि या सगळ्यावर कुणाची तरी डिजिटल सही असते. सेल्फ-साइन्डमध्ये ती सही सर्व्हर आपल्याच प्रायव्हेट कीने (फक्त त्याच्याकडे असणाऱ्या गुप्त किल्लीने) करतो. घरच्या सीएमध्ये आधी एक स्वतंत्र की आणि तिचं रूट सर्टिफिकेट बनवायचं, मग त्या रूट कीने सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर सही करायची. सर्व्हरवर फक्त सर्व्हरची की राहते; रूटची की तिथे ठेवायचीच नसते. गोंधळ होतो तो इथे: रूटच्या वर सही करायला कुणी नसतं, त्यामुळे रूट सर्टिफिकेट स्वतःही सेल्फ-साइन्डच असतं. सर्टिफिकेट बनवायच्या ओपनएसएसएल या साधनात दोन्ही बनवायची कमांडही जवळपास सारखीच दिसते.

एन्क्रिप्शनच्या ताकदीत दोघांत काहीही फरक नाही. सेल्फ-साइन्ड म्हणजे कच्चं एन्क्रिप्शन, हा समज चुकीचा आहे. प्रश्न आहे तो समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे का, हे फोनला कसं कळणार याचा.

सेल्फ-साइन्डमध्ये ते आपणच ठरवायचं असतं. सर्टिफिकेटचा एसएचए-२५६ फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची ओळ, सर्व्हरवर पाहायचा, ब्राउझरमध्ये दिसणाऱ्याशी जुळवायचा आणि मगच पुढे जायचं. एक सर्व्हर, एक लॅपटॉप आणि वापरणारे तुम्ही एकटे असाल तर ही पद्धत पूर्णपणे योग्य आहे. फायरफॉक्स तो अपवाद त्या विशिष्ट सर्टिफिकेटपुरताच लक्षात ठेवतो; उद्या दुसरंच सर्टिफिकेट समोर आलं तर पुन्हा थांबवतो. पण घरात सहा जण वापरणारे असले तर फिंगरप्रिंट कोण जुळवणार? आई-काकांना सांगितलं जातं, 'लाल पान आलं की अॅडव्हान्स्ड दाब आणि पुढे जा.' मला याच वाक्याची सर्वात जास्त काळजी वाटते. वायफायवर मध्ये बसून कुणी पासवर्ड चोरत असेल तेव्हाही ब्राउझर अगदी तेच पान दाखवतो. ज्या माणसाला ते ओलांडायची सवय आपणच लावली, तो बँकेच्या पानावर का थांबेल?

घरच्या सीएमध्ये प्रत्येक फोनवर रूट सर्टिफिकेट एकदाच बसवायचं. आडतीचा शिक्का एकदा ओळखीचा झाला की पट्टी कुणाच्याही हातून आली तरी शेतकरी ती मान्य करतो, तसंच हे. पुढे फोटोंचा सर्व्हर, कॅमेऱ्याचा, प्रिंटरचा असे कितीही जोडा, फोनला पुन्हा हात लावावा लागत नाही. आपल्याकडे हे विशेष उपयोगी पडतं, कारण वीज अचानक जाण्याने रास्पबेरी पायचं एसडी कार्ड बिघडणं ही नेहमीची गोष्ट. सेल्फ-साइन्ड असेल तर नवं कार्ड, नवी की आणि प्रत्येक उपकरणावर पहिल्यापासून सगळी जुळवाजुळव. घरची सीए असेल तर नव्या कीवर रूटने एक सही करायची, आणि घरच्यांना काही घडल्याचा पत्ताही लागत नाही.

आता खरा धोका. बरेच जण सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट बनवतात आणि इशारा टाळण्यासाठी तेच सगळ्यांच्या फोनवर विश्वासू म्हणून बसवतात. सर्टिफिकेटमध्ये 'बेसिक कन्स्ट्रेंट्स' नावाची एक नोंद असते; हे सर्टिफिकेट इतरांवर सही करू शकतं की नाही, ते तिथे लिहिलेलं असतं. ओपनएसएसएलची नेहमीची एका ओळीची कमांड मूळ सेटिंगने चालवली तर ती नोंद 'सीए: होय' अशी होते. म्हणजे नकळत तुमचा सर्व्हरच सीए बनला, आणि त्या सीएची की चोवीस तास नेटवर्कला जोडलेल्या मशीनवर पडून आहे. सर्व्हरमध्ये कुणी शिरलं तर त्या कीने तो कोणत्याही बँकेच्या नावाचं सर्टिफिकेट बनवील आणि तुमच्या घरातले ब्राउझर ते निमूट मान्य करतील. 'सीए: नाही' असं लिहून सेल्फ-साइन्ड बनवता येतं, पण अँड्रॉइड ते सीए सर्टिफिकेट म्हणून बसवू देत नाही. थोडक्यात, फोनवर बसवायचंच असेल तर सेल्फ-साइन्डचा मार्ग तिथेच संपतो.

घरच्या सीएतही हीच ताकद असते, फक्त ती की बाजूला काढून ठेवता येते. ही ताकद किती मोठी, हे आपल्या देशाने २०१४ मध्ये पाहिलं. त्या जुलैत गुगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत सर्टिफिकेट दिली गेल्याचं उघड झालं. ती एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या इंटरमीजिएट (रूटने सही दिलेल्या मधल्या) सर्टिफिकेटखाली निघाली होती, आणि त्यांच्या वर होतं भारताच्या सीसीएचं, म्हणजे सीएंवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियंत्रकाचं रूट, जे विंडोज विश्वासू मानत असे. नंतर क्रोमने त्या रूटची मान्यता जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन अशा मोजक्या डोमेनपुरतीच ठेवली. हाच उपाय आपल्या घरच्या रूटलाही करता येतो. रूट बनवतानाच 'नेम कन्स्ट्रेंट्स' लिहायचे, म्हणजे ते फक्त 'होम डॉट आर्पा'खालच्या नावांनाच सही देऊ शकेल. हे डोमेन २०१८ पासून घरगुती नेटवर्कसाठीच राखून ठेवलेलं आहे. नावांसोबत आयपी पत्त्यांची रेंजही लिहायला विसरू नका. फक्त नावांवर बंधन घातलं तर पत्ते मोकळेच राहतात. हल्लीचे मोठे ब्राउझर हे बंधन पाळतात. ही नोंद नसलेलं रूट मी घरच्या कुणाच्याही फोनवर बसवणार नाही.

बाकी अटी दोघांनाही सारख्याच. २०१७ पासून क्रोम सर्टिफिकेटमधली 'कॉमन नेम' ही नोंद पाहत नाही, त्यामुळे सर्व्हरचं नाव 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' या नोंदीत हवंच. १९२.१६८.१.१० असा पत्ता थेट टाइप करत असाल तर तोही तिथेच, आयपी म्हणून लिहायचा. आयफोनला सर्व्हरचं सर्टिफिकेट ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं चालत नाही, मग सीए घरचीच का असेना. दहा वर्षांचं एकदाच काढून विसरून जाऊ, हा बेत तिथे फसतो. आयफोनवर रूटचं प्रोफाइल बसवल्यावर 'सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज'मध्ये जाऊन पूर्ण विश्वास वेगळा चालू करावा लागतो. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक अॅप आपण बसवलेलं रूट मानत नाहीत, क्रोम मानतो. म्हणून ब्राउझरमध्ये सगळं सुरळीत आणि कॅमेऱ्याचं अॅप मात्र अडलेलं, असं दिसलं तर सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा बनवत बसू नका.

एमकेसर्ट नावाचं साधन रूट आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट एक-दोन कमांडमध्ये बनवून देतं. पण ते मुळात प्रोग्रामरच्या स्वतःच्या मशीनसाठी आहे, आणि रूटची की त्याच मशीनवर ठेवतं. शिकायला उत्तम. घरासाठी मात्र रूट एक्ससीएसारख्या खिडक्या-बटणांच्या प्रोग्रामने किंवा ओपनएसएसएलने बनवलेलं बरं.

पाहुण्यांचं काय? कानबाईच्या सणाला भाऊबंद जमतात, रोट होतात, वीसेक फोन वायफायवर येतात आणि सगळ्यांना मागच्या वर्षीचे फोटो पाहायचे असतात. त्यांच्या फोनवर आपलं रूट बसवू नये. पाहुणा चार दिवसांनी सुरतला किंवा पुण्याला परत जातो, आणि आपल्या घरच्या कीवरचा विश्वास त्याच्या फोनमध्ये तसाच राहतो. असे फोन नेहमी येणार असतील तर स्वतःचं डोमेन घेऊन लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सार्वजनिक सीएचं सर्टिफिकेट काढावं. घरच्या कनेक्शनला बाहेरून पोचता येणारा आयपी नसला तरी डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावं आणि पत्त्यांच्या नोंदवहीत) नोंद करून ते मिळतं, पोर्ट उघडावा लागत नाही. मात्र अशी सर्टिफिकेट सार्वजनिक यादीत नोंदली जातात, तेव्हा सर्व्हरच्या नावात आडनाव किंवा गावाचं नाव घालू नये.

घरच्या चार-सहा फोनसाठी सीएच बनवा. रूटची मुदत दहा वर्षं, सर्व्हरची दोन वर्षं. रूटची की मजबूत पासफ्रेज (लांब पासवर्ड) लावून दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक घरी आणि एक विश्वासातल्या नातेवाइकाकडे. ज्या लॅपटॉपवर ती बनवली तिथून पुसून टाका. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका, आणि सोबत पासफ्रेज कुठे लिहून ठेवलाय ते घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.