बास्केटबॉलमधला पास-कॅच : साताऱ्यातल्या वादाची पार्श्वभूमी

शालेय स्पर्धा जवळ आल्या की साताऱ्याच्या मैदानांवर एक वाद हमखास निघतो. मुलांना चेंडू थांबून घ्यायला शिकवायचं की पळत? वरवर हा आवडीनिवडीचा मामला वाटतो, पण मूळ नियमात आहे.

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला खेळ सुरू झाला तेव्हा ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं, नव्हताच. चेंडू जिथे हाती आला तिथूनच फेकायचा. वेगात असलेल्याला थांबण्यापुरती थोडी सूट. ड्रिबल नंतर आला.

आजचा घोळ १ ऑक्टोबर २०१७ पासूनचा. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय नियमातलं ट्रॅव्हलिंगचं, म्हणजे चेंडू हातात धरून जादा पावलं टाकण्याचं, कलम बदललं. आधी पळता पळता डावा पाय टेकलेला असताना पास घेतला की तोच पाय पिव्हट, म्हणजे जागेवर टेकून ज्यावर वळायचं तो, ठरायचा. ड्रिबल करायचा तर तो उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला हवा. आता तो डावा मोजतच नाहीत. त्यानंतर उजवा टेकला की पहिलं पाऊल, आणि पुन्हा डावा टेकायच्या आत चेंडू सुटला की झालं. मैदानावर याला सगळे ‘झिरो स्टेप’ म्हणतात. जुन्या घडणीचे प्रशिक्षक जंप स्टॉपवर अडून बसतात: दोन्ही पाय एकदम टेकले की शिट्टीची धास्ती नाही, हव्या त्या पायावर वळता येतं. नव्यांचं म्हणणं, थांबलात की बचाववाला अंगावर आलाच.

सूट फक्त पळणाऱ्याला आहे, हे मात्र दोन्ही बाजू मुलांना नीट सांगत नाहीत. अमेरिकन लीगचे व्हिडिओ बघून पोरं उभ्या जागी पास घेऊनही जादा पाऊल टाकतात आणि शिट्टी वाजली की पंचांशी हुज्जत घालतात. शिवाय मोजणी सुरू होते चेंडूवर ताबा आल्यापासून. कॅच कच्चा, चेंडू तळव्यावर आपटून पुन्हा उडाला, तर ताबा नेमका कधी आला यावर खेळाडूचं आणि पंचांचं गणित जुळत नाही. म्हणजे या नियमाने पायांपेक्षा हातांचीच परीक्षा वाढवली, आणि सरावात हातांकडेच कमी लक्ष जातं.

त्याला चेंडूही कारण आहे. बारा वर्षांच्या पोराच्या हाती शाळेत असेल तो, म्हणजे बहुधा सात नंबरचा, मोठ्या पुरुषांचा, सुमारे सहाशे ग्रॅमचा चेंडू येतो. लहान मुलांचा पाच नंबरचा जेमतेम अर्धा किलो. छातीपासून दोन्ही हातांनी फेकलेला जड चेस्ट पास येताना पोरगं मान वळवतं, बोटं सरळ समोर धरतं आणि अंगठा दुखावून घेतं. बोटं पसरून वरच्या दिशेला, कोपर सैल, चेंडू आला की हात छातीकडे ओढायचे, एवढं आधी बसायला हवं.

त्यात साताऱ्याचा पाऊस. सिमेंटचं कोर्ट निसरडं झालं की सराव शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीवर चेंडू मारून. तिथे पळायला जागा नसते, त्यामुळे उभ्याने घेतलेला कॅच पक्का होतो, पळतीचा तसाच राहतो. जिल्ह्याच्या स्पर्धा नेमक्या पावसाळ्याला लागूनच असतात.